नाण्यावरची चूक खरी की खोटी? 'एरर कॉइन', झिजलेली डाय आणि बनावट नाणं कसं ओळखायचं?

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी तोच मेसेज फिरतो. एक किंवा पाच रुपयांच्या नाण्याचा फोटो, त्यावर लाल गोल आणि खाली एक ओळ: 'हे नाणं तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती!' मग कुणी मुलांचा गल्ला उपडा करतं, कुणी देव्हाऱ्यातल्या डबीतली नाणी तपासतं. एखाद्या नाण्यावर आकडा दुहेरी दिसतो, एखाद्याच्या काठाचा तुकडाच नसतो. मेसेजमधल्या नंबरवर फोन जातो. समोरची व्यक्ती नाणं हातात न घेताच किंमत सांगते आणि आधी 'नोंदणी फी' मागते.

अशा फसवणुकीत रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगोही वापरला जात असल्याचं समोर आल्यावर बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीचे असे व्यवहार करत नाही, त्यासाठी कुठलीही फी किंवा कमिशन मागत नाही आणि तसे पैसे घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट केलं होतं.

पण याचा अर्थ 'एरर कॉइन' ही निव्वळ अफवा आहे असाही नाही. टांकसाळीत चुका होतात, त्यातली काही नाणी तपासणीतून निसटून बाजारात येतात आणि संग्राहक त्यांच्यासाठी दर्शनी किमतीपेक्षा खूप जास्त पैसे मोजतात. त्यामुळे वेगळं दिसणारं नाणं हातात आलं की आधी एकच प्रश्न विचारायचा: नाण्यावरची ही खूण कधी आली? छाप उमटण्याआधी, उमटताना, की नाणं टांकसाळीबाहेर पडल्यावर? याचं उत्तर बहुतेक वेळा नाण्यावरच सापडतं.

नाणं तयार कसं होतं?

भारतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार सरकारी टांकसाळी आहेत. चारही ठिकाणची मूळ प्रक्रिया सारखीच असते.

आधी धातूच्या लांब पट्ट्यातून गोल चकत्या कापल्या जातात. त्या तापवून थोड्या मऊ केल्या जातात आणि त्यांचा काठ किंचित उचलला जातो. मग चकती छापयंत्रात जाते. तिथे वर एक आणि खाली एक अशा दोन पोलादी डाय असतात. प्रत्येक डायवर नाण्याच्या एका बाजूचं चित्र उलटं आणि खोलगट कोरलेलं असतं. चकतीभोवती पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. दोन्ही डाय प्रचंड दाबाने एकमेकींकडे येतात, धातू डायच्या खोलगट भागांत शिरतो आणि नाणं तयार होतं. कॉलरमुळे धातू बाहेर पसरत नाही.

एकच डाय हजारो, अनेकदा लाखो नाणी छापते. सतत दाब झेलून ती झिजते, तडकते. कधी तिच्यात वंगण आणि धातूचा बारीक चुरा साचतो.

पहिला नियम: खूण उंच आहे की खोल?

डायवर जे खोल असतं ते नाण्यावर उंच येतं. अक्षरं आणि आकडे उठावदार दिसतात ते यामुळेच. डायला तडा गेला तर तोही डायवर खोल असतो, म्हणजे नाण्यावर ती उंच, वेडीवाकडी रेघ होऊन उमटते.

ओरखड्याचं याच्या उलट असतं. रस्त्यावर घासून किंवा चाकूने ओढून पडलेला चरा नाण्यावर खोल असतो आणि त्याच्या कडेला धातूची बारीक किनार उचललेली दिसते.

म्हणून भिंगाखाली नाणं तिरप्या उजेडात फिरवून पाहायचं. रेघ उंच असेल तर ती डायमधून आलेली असण्याची शक्यता मोठी. खोल असेल तर ते बहुधा नंतर झालेलं नुकसान. या नियमाला अपवाद आहेत. छाप पडताना चकती आणि डाय यांच्यामध्ये तार, कापडाचा धागा किंवा धातूचा कण अडकला तर त्याचा खोल वण नाण्यावर उमटतो. धातूतच दोष असेल तर पृष्ठभागाचा पापुद्राही निघतो. तरी पहिली चाळणी म्हणून हा नियम उपयोगी पडतो.

चुकांचे तीन गट

संग्राहक टांकसाळीतल्या चुका साधारण तीन गटांत विभागतात.

१. चकतीतली चूक. पट्ट्यातून चकती कापताना आधीच्या भोकावर किंवा पट्ट्याच्या टोकावर घाव बसला की चकतीचा तुकडा कमी पडतो. अशा नाण्याच्या काठाला चंद्रकोरीसारखी किंवा सरळ खाच दिसते. कधी एका मूल्याची छाप दुसऱ्याच मूल्याच्या चकतीवर पडते.

२. डायमधली चूक. डाय तयार होतानाच तिच्यावर चित्र दोनदा सरकून उमटणं, डायला तडा जाणं किंवा काठाचा तुकडा पडणं हे या गटात येतं. काठाचा तुकडा पडलेल्या डायच्या नाण्यावर त्या जागी चित्राऐवजी धातूचा उंच, सपाट ढेकूळ दिसतो. मध्ये चकती नसताना दोन्ही डाय एकमेकींवर आदळल्या तर एका बाजूच्या चित्राची पुसट बाह्यरेषा दुसऱ्या बाजूवर येते.

३. छापतानाची चूक. चकती नीट बसली नाही तर छाप एका बाजूला सरकते आणि उरलेला भाग कोरा राहतो. कॉलर नीट बसली नाही तर नाणं पसरून मोठं आणि पातळ होतं. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्याच चित्राची उलटी, खोल प्रतिमा उमटते.

कोणती डाय कोणत्या डायसोबत बसवायची यातही चूक होते. ब्रिटनमध्ये २००८ साली नाण्यांचं डिझाइन बदललं. २० पेन्सच्या नाण्यावरचं वर्ष मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूवर आणलं गेलं. काही नाण्यांसाठी राणीची जुनी डाय आणि मागची नवी डाय एकत्र वापरली गेली. परिणामी ती नाणी वर्षाशिवायच चलनात आली.

झिजलेली डाय: चूक की म्हातारपण?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डायची झीज ही चूक नाही, नेहमीची गोष्ट आहे. नवी डाय छापते ती अक्षरं धारदार असतात. डाय जुनी होत जाते तशी तीच अक्षरं जाड, बोथट आणि पसरट होतात. काठाजवळची अक्षरं काठात विरघळल्यासारखी वाटतात. सपाट भागावर मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसतो. स्टेनलेस स्टीलसारखा कठीण धातू डायला लवकर थकवतो. त्यामुळे भारतीय स्टीलच्या नाण्यांवर अशी बोथट अक्षरं दिसली तर नवल नाही.

हाताळून झिजलेलं नाणं मात्र वेगळं असतं. खिशातून, गल्ल्यातून फिरलेल्या नाण्याचे सगळ्यात उंच भाग आधी सपाट आणि गुळगुळीत होतात आणि चमक जाते. झिजलेल्या डायचं नाणं अगदी कोरं, चमकदार असूनही अक्षरं बोथट असू शकतात. चमक शाबूत आणि अक्षरं धूसर असतील तर झीज नाण्याची नाही, डायची आहे.

एखादं अक्षर किंवा आकडा गायब असेल तर बहुधा डायच्या त्या भागात वंगण साचलेलं असतं. तिथे धातू शिरायला जागाच उरत नाही. अशा ठिकाणी आजूबाजूचा पृष्ठभाग मूळचाच राहतो. कुणी अक्षर घासून काढलं असेल तर तिथे कानशीचे समांतर ओरखडे किंवा आसपासपेक्षा वेगळी चकाकी भिंगाखाली दिसते.

१९५५ सालची दोन नाणी

फरक किती पैशांचा असू शकतो, हे अमेरिकेतल्या एका सेंटच्या नाण्यावरून कळतं.

१९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक डाय तयार होताना चित्र दोनदा, थोडं फिरून उमटलं. त्या डायमधून निघालेल्या नाण्यांवर वर्ष आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनाही स्पष्ट दुहेरी दिसतात. चूक लक्षात आली तोवर ती नाणी इतर नाण्यांत मिसळली होती. सगळा ढीग वितळवण्याऐवजी तो तसाच बाहेर पाठवला गेला. अशी साधारण २० ते २४ हजार नाणी चलनात गेली असा अंदाज आहे. आज त्यातल्या चांगल्या नाण्याला हजार डॉलरपेक्षा जास्त किंमत मिळते.

त्याच वर्षाची आणखी काही सेंट नाणी आहेत. त्यांच्यावर १९५५ मधला शेवटचा ५ दुहेरी भासतो. कारण साधं आहे: डाय झिजलेली होती. खऱ्या दुहेरी नाण्याची ही 'गरिबाची आवृत्ती' म्हणून विकली गेली आणि आजही ती नगण्य किमतीत मिळते. वर्ष तेच, धातू तोच, दोन्हींवर आकडा दुहेरी. फरक इतकाच की एकीत डाय जन्मतःच चुकलेली होती आणि दुसरीत ती थकलेली होती.

दुहेरी अक्षरांचे तीन प्रकार कसे ओळखायचे?

- डायवरच दुहेरी चित्र: दोन्ही प्रतिमा गोलसर आणि पूर्ण उंचीच्या असतात. अक्षराच्या टोकाशी दोन टोकं वेगळी दिसतात आणि त्यांच्यामध्ये खाच असते. अक्षर मूळपेक्षा रुंद होतं. त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर हीच खूण त्याच जागी येते.
- यंत्राचा धक्का: छाप पडल्यावर सैल डाय किंचित सरकते आणि अक्षराची कड दाबून टाकते. दुसरी प्रतिमा सपाट, पायरीसारखी आणि चकचकीत दिसते. मूळ अक्षर उलट बारीक होतं. हे खूप नाण्यांवर दिसतं आणि त्याला फारशी किंमत नसते.
- झिजलेली डाय: दुसरी प्रतिमा धूसर, सावलीसारखी असते. स्पष्ट खाच नसते. अक्षर फुगल्यासारखं वाटतं आणि आसपास बारीक रेषा दिसतात. यालाही वेगळी किंमत जवळपास मिळत नाही.

घरात सापडणारी बहुतेक 'डबल' नाणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातली असतात.

चूक वाटते, पण चूक नसते

वर्षाखालची खूण. भारतीय नाण्यांवर वर्षाखाली चौकट आकाराची खूण असेल तर ते सहसा मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं आणि ठिपका असेल तर नोएडाचं नाणं. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. म्हणजे 'खूण गायब' ही चूक नाही. काही वर्षी भारताने परदेशी टांकसाळींतही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या एक रुपयाच्या काही नाण्यांवर 'एच' हे इंग्रजी अक्षर आहे. ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. पाच रुपयांच्या काही नाण्यांवर मॉस्को टांकसाळीची 'एमएमडी' ही अक्षरं आढळतात.

वेगळा धातू आणि वजन. १९९२ पासूनचं पाच रुपयांचं जाड, पांढरं नाणं तांबं-निकेलचं आणि ९ ग्रॅमचं होतं. २००७ च्या सुमारास ते ६ ग्रॅमच्या स्टीलमध्ये आलं आणि नंतर पिवळसर निकेल-ब्रासमध्ये. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि ४.८५ ग्रॅमचं आहे. १९९२ च्या मालिकेतल्या स्टीलच्या एक रुपयाचंही माप हेच होतं. त्यामुळे 'दोन रुपयांची छाप रुपयाच्या चकतीवर पडली' असं म्हणण्याआधी त्या वर्षीचं अधिकृत माप पाहायला हवं.

वेगळं डिझाइन. दहा रुपयांच्या नाण्यावर रुपयाचं चिन्ह असणं-नसणं किंवा रेषांची संख्या वेगळी असणं हीसुद्धा चूक नाही. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा रुपयांची तोवर आलेली १४ डिझाइन्स वैध असल्याचं स्पष्ट केलं होतं. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणंही स्मृती नाणं आहे, एरर नाही.

बनावट चुका कशा तयार होतात?

चुकीला पैसे मिळतात म्हटल्यावर चुका 'घडवणारे'ही आलेच.

अमेरिकेतलं १९३७ सालचं 'तीन पायांचा गवा' असलेलं पाच सेंटचं नाणं प्रसिद्ध आहे. डेन्व्हरच्या टांकसाळीत डायवरचे आदळल्याचे वण काढण्यासाठी ती गरजेपेक्षा जास्त घासली गेली आणि गव्याच्या पुढच्या एका पायाची छाप नाहीशी झाली. नाण्याचा भाव वाढल्यावर लोकांनी साध्या नाण्यांवरचा पाय कोरून काढून ती विकायला सुरुवात केली. अशा युक्त्या सगळीकडेच चालतात.

- दोन्ही बाजूंना छापा: अशी बहुतेक नाणी दोन नाणी कापून, एकात दुसरं बसवून केलेली असतात. काठाच्या आतल्या बाजूला बारीक सांधा दिसतो. वजन आणि आवाजही वेगळा लागतो.
- उलटी खोल प्रतिमा: दोन नाणी शिकंज्यात एकमेकांवर दाबली की एकीवर दुसरीची खोल प्रतिमा येते. पण दाबामुळे नाण्याचं स्वतःचं चित्र सपाट होतं.
- कापलेला काठ: खऱ्या नाण्यात चकती आधी कापलेली असते आणि छाप नंतर पडते. त्यामुळे खाचेजवळ धातू पसरून अक्षरं ताणलेली, निमुळती दिसतात. अनेकदा खाचेच्या बरोबर समोरचा काठही कमजोर असतो. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षरं धारेवर एकदम तुटतात.
- दहा रुपयांचा निखळलेला मध्य: कडं आणि मधली चकती एकाच दाबात जोडली जातात. सरकलेला मध्य खरा असेल तर छाप दोन्ही धातूंवर सलग असते. ठोकून काढून परत बसवलेल्या मध्याचं चित्र कड्यावरच्या चित्राशी जुळत नाही.
- पातळ, हलकं नाणं: आम्लात बुडवलेल्या नाण्याची सगळी अक्षरं सारखीच विरलेली असतात आणि पृष्ठभाग खवलेदार दिसतो.

असे प्रयोग घरी करू नयेत. नाणे कायदा, २०११ नुसार नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे.

घरी तपासायचं कसं?

दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग, ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा काटा, व्हर्नियर कॅलिपर आणि लोहचुंबक एवढं साहित्य पुरतं.

१. नाण्याचं वर्ष आणि टांकसाळीची खूण पाहा. त्या वर्षीचं अधिकृत वजन, व्यास आणि धातू शोधा.

२. वजन आणि व्यास मोजा. स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटतं, तांबं-निकेलचं चिकटत नाही.

३. नाणं वरच्या आणि खालच्या टोकाला चिमटीत धरून फिरवा. स्वतंत्र भारताच्या चलनी नाण्यांच्या दोन्ही बाजू साधारणपणे सरळ दिसतात. मागची बाजू बरीच तिरकी किंवा उलटी आली तर डाय फिरलेली असू शकते. थोडासा तिरपेपणा मात्र नेहमीचा असतो.

४. तिरप्या उजेडात भिंगाने पाहा. खूण उंच की खोल? कडा गोलसर की पायरीसारख्या?

५. त्याच वर्षाचं, त्याच टांकसाळीचं साधं नाणं शेजारी ठेवून तुलना करा.

एक गोष्ट मात्र करायची नाही: नाणं घासायचं नाही. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांनी नाणं चकाकतं, पण मूळचा पृष्ठभाग जातो. त्यासोबत पुरावाही जातो आणि किंमतही.

मग किंमत किती?

खरी चूक सापडली तरी तिचा भाव ठरलेला नसतो. चूक किती ठळक आहे, तशी नाणी किती आहेत, नाण्याची अवस्था कशी आहे आणि घेणारा आहे का, यावर तो ठरतो. संकेतस्थळावर कुणी लाख रुपये लिहिले म्हणजे नाणं लाखाला विकलं गेलं असं होत नाही. पाहायची ती लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत. मोठ्या किमतीच्या नाण्यासाठी पीसीजीएस किंवा एनजीसी यांसारख्या संस्थांकडून प्रमाणपत्र घेता येतं, पण त्याचा खर्च असतो. म्हणून आधी नाणे प्रदर्शनात किंवा नाणे संग्राहकांच्या मंडळात दोन-तीन जाणकारांना नाणं प्रत्यक्ष दाखवणं बरं.

जाणकार नाणं हातात घेतो, वजन करतो, भिंगाखाली पाहतो आणि मगच बोलतो. फोटो पाहून लाखाची ऑफर देणारा आणि त्याआधी फी, जीएसटी किंवा कुरिअरचे पैसे मागणारा माणूस खरेदीदार नसतो. अशा व्यवहारात पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.